सभा उधळण्याचा प्रयोग

नोकरीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "एवढ्या कपड्यांत तुम्हाला उकडत नाही का?" त्याच्या खालोखालचा, चुलीकडे बोट करून, "हा विस्तव खरा आहे का?" हा प्रश्न माणसं हात पुढे करतच विचारत आणि उत्तर आम्ही द्यायच्या आत त्यांना मिळालेलं असे. आमच्या औषधांच्या पेटीतलं मलम बहुतेक याच प्रश्नापायी संपायचं.

आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकाच्या संपादिका मला म्हणाल्या, "काकू, सगळे आयटीवर लिहितात, तुम्ही तुमच्या त्या घागऱ्याच्या नोकरीवर लिहा." तर ही ती घागऱ्याची नोकरी.

न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या अंगाला एक म्युझियम आहे. म्युझियम म्हणजे काचेची कपाटं नव्हेत. ठिकठिकाणची जुनी लाकडी घरं, लोहाराची भट्टी, छापखाना, एक पांढरं सभागृह असं सगळं उचलून आणून वसवलेलं ते गाव आहे. तिथे कायम अठराशे चाळीसच्या आसपासचा काळ असतो. आम्ही त्या काळातली माणसं. पाहुण्यांनी विचारलं, "वायफाय आहे का?" तर आम्ही गोंधळून म्हणायचं, "कुणाची वाईफ?" इतिहास सांगायचा नाही, त्यात राहायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. दिवसभर राहायचं आणि संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये येऊन गाडी सुरू केली की परत आपला काळ, आपला ट्रॅफिक, जाताना कोथिंबीर घ्यायची आठवण.

मी नागपूरची. नवऱ्याच्या टर्बाइनच्या नोकरीमागोमाग आले. डिपेंडंट व्हिसावर बरीच वर्षं घरात काढली आणि ग्रीन कार्ड हातात आलं तेव्हा चाळिशी उलटली होती. जवळ मराठीतली एम.ए. आणि हौशी नाटकांतली अभिनयाची बक्षिसं. या दोन्हींना अमेरिकेत कोण विचारतो? लायब्ररीच्या बोर्डावर जाहिरात दिसली, "जुन्या काळातली माणसं हवी आहेत." मी गेले. डायरेक्टर पॅट, माझ्याच वयाची, खणखणीत आवाजाची. तिने माझं बोलणं ऐकून घेतलं, मला नोकरीवरही घेतलं आणि मग तिला प्रश्न पडला की अठराशे चाळीसमध्ये या सावळ्या बाईला ठेवायचं कुठे.

सुरुवातीला हातमागाच्या खोलीत मागच्या बाजूला बसवलं. पाहुणे येत, माझ्याकडे निरखून बघत आणि विचारत, "तुम्ही इंडियन का?"

"हो."

"कुठल्या टोळीच्या?"

"नागपूरच्या."

ते मान डोलवत. टोळी त्यांच्या ऐकण्यातली नसे, पण तसं कबूल करणं बरं दिसत नसे.

पुढे मीच वाचून एक गोष्ट शोधून काढली. त्या काळी इथल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून, जहाजांतून थेट मुंबईला जात असे. जहाज जातं तर परतही येतं. एखाद्या व्यापाऱ्याच्या बायकोने परत येताना मुलांची आया बरोबर आणली असेल. पॅट म्हणाली, "पुरावा?" मी म्हटलं, अशी बाई या गावात आली होती याला पुरावा नाही, आली नव्हती यालाही नाही. पॅटने विचार केला आणि म्हणाली, "मग येणाऱ्यांना शेवटी हेच सांगायचं." अशी मी गंगा झाले. व्यापाऱ्याच्या विधवेच्या घरात राहणारी, मुंबईकडची आया. माझी मालकीण गुलामगिरीविरुद्धच्या सोसायटीत होती, त्यामुळे आमच्या घरात चहात उसाची साखर नसे. ती साखर दक्षिणेतल्या गुलामांच्या घामाची, म्हणून या बायका मेपलच्या झाडाची साखर वापरत. एका आजोबांनी मला प्रेमाने शुगर-फ्रीची पुडी काढून दिली होती. "ही कुणाच्याच घामाची नाही," म्हणाले.

इथे वाचकांना थोडं सांगायला हवं. आपल्याला वाटतं की गुलामगिरी दक्षिणेत होती आणि उत्तरेतले सगळे तिच्या विरुद्ध होते. तसं नव्हतं. उत्तरेतही गुलामगिरी बंद करा म्हणणारी माणसं मूठभर, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना नकोशी. त्यांच्या सभांवर अंडी पडत, दगड पडत, सभागृहं पेटवून दिली जात. त्यातही बाई बोलायला उभी राहिली तर आणखी गहजब. बायकांनी बायकांपुढे बोलावं, पुरुष बसलेले असताना तोंड उघडू नये, अशी रीत. गुलामांसाठी बोलायला निघालेल्या या बायकांना तिथेच कळलं की आपल्यालाही बोलायची मुभा नाही. त्यातून मग बायकांच्या हक्कांची चळवळ उभी राहिली. आमच्या गावात दर शनिवारी दुपारी त्या पांढऱ्या सभागृहात अशी सभा भरायची आणि ती बघायला लोक लांबून येत.

त्या सभेत अमोस आला आणि सगळं बदललं.

अमोस निवृत्त बस ड्रायव्हर. जन्मभर शहरात बस चालवली. चर्चमध्ये त्याचा आवाज नावाजलेला. सत्तरीचा उंच काळा माणूस, पाठ मात्र ताठ. पॅटने त्याला दक्षिणेतून पळून आलेल्या वक्त्याचं काम दिलं तेव्हा त्याने आधी आपल्या अटी सांगितल्या. "मी मार खाणार नाही. साखळी घालणार नाही. लपून बसणार नाही. मी फक्त बोलणार." पॅटने सगळं मान्य केलं. मला तो पहिल्या दिवसापासून ‘बॉम्बे’ म्हणायचा. नागपूर मुंबईपासून बारा-चौदा तास लांब आहे हे मी त्याला अनेकदा सांगितलं. तो म्हणायचा, "मी बस चालवलीय, बॉम्बे. शेवटचा स्टॉप तोच ना?"

सभेत आधी केटलिन बोलायची. चोविशीतली मुलगी, लालसर केसांची, कॉलेजात इतिहास शिकलेली. ती त्या काळच्या तरुण कार्यकर्तीचं काम करायची. मग अमोस. मी बाजूच्या बाकावर, लोकांकडे तोंड करून बसलेली. भाषणं व्हायची, लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे, बायका डोळे पुसायच्या. मला वाटायचं, प्रयोग रंगतोय.

एकदा धान्याच्या कोठारामागे आम्ही डबे खात बसलो होतो. अमोस म्हणाला, "बॉम्बे, मला या टाळ्या आवडत नाहीत."

"टाळ्या न आवडणारा नट मी अजून पाहिला नाही."

"तेव्हा टाळ्या नव्हत्या. दगड होते. हे लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाताना त्यांना वाटतं, आपण तेव्हा असतो तर नक्की याच्या बाजूचे असतो. सगळेच जर याच्या बाजूचे, तर मग दगड कोण मारत होतं?"

त्याने विचारलं, "तुमच्याकडे काय फेकायचे?"

"शेण," मी म्हटलं. "त्याच सुमाराला पुण्यात एक बाई मुलींना शिकवायला निघाली, तिच्या अंगावर शेण फेकायचे. ती बरोबर दुसरं लुगडं ठेवायची. शाळेत पोचल्यावर बदलायला."

अमोसने सँडविच खाली ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे उद्याही फेकणार हे धरूनच निघायची."

त्याला सभेत हुल्लडबाज हवे होते. पॅट तयार नव्हती. तीन-चार मीटिंगा झाल्या आणि शेवटी नियम ठरले. हुल्लड करणारे आपलेच लोक, प्रेक्षकांत बसलेले. त्यांची वाक्यं आधी लिहिलेली. काळ्या माणसांसाठी जो एक घाणेरडा शब्द वापरला जातो तो कुणीही, कधीही उच्चारायचा नाही. आणि एक थांबायचा शब्द. मी म्हणायचं, "डॉक्टरसाहेबांना बोलावणं आलंय." मी ते म्हटलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, आपापल्या खऱ्या नावावर यायचं. तो शब्द माझ्याकडे ठेवला, कारण सगळ्यांचे चेहरे दिसतील अशा जागी मीच बसायचे.

मुख्य हुल्लडबाज डेल. आमचा लोहार. आडदांड शरीर, भट्टीवरून आल्यासारखा लाल चेहरा आणि स्वभावाने इतका गरीब की पहिल्या तालमीनंतर तो कोठारामागे जाऊन रडला. अमोसनेच त्याची समजूत काढली. "तू जितका वाईट वागशील तितकं माझं काम सोपं होईल, डेल. मनापासून वाईट वाग."

ती हुल्लड सुरू झाली आणि सभागृहाची हवाच बदलली. केटलिनने तोंड उघडलं की मागून डेल ओरडायचा, "घरी जा, चूल थंड पडली असेल!" लोक दचकून मागे बघायचे. काही हसायचे. बहुतेक मान खाली घालून बसायचे. एकदा सभा संपल्यावर एक वयस्क गृहस्थ माझ्याजवळ आले. "मी त्या माणसाला गप्प बस म्हणणार होतो," ते म्हणाले. "म्हणणार, म्हणणार, असं मनात चाललं होतं. तेवढ्यात सभा संपली." ते गेले आणि अमोस मला म्हणाला, "हे बघ. हा माणूस आज काहीतरी घेऊन घरी गेला."

मला धास्ती होती, ती मी नाटकात काम केल्यामुळे होती. रंगमंचावर मारामारी करताना दोघांनाही माहीत असतं की मारामारी खोटी आहे. इथे अर्ध्या लोकांना माहीत होतं, अर्ध्यांना नव्हतं.

आमच्या महाराष्ट्र मंडळाची सहल आली तो ऑक्टोबरमधला शनिवार होता. पानं रंगलेली, हवा थंड, गावात गर्दी. मीच आग्रह करून बोलावलं होतं. मिनी-बस भरून लोक आले, मला त्या वेषात पाहून मुलं "ओ माय गॉड, आंटी!" करून ओरडली, मोठ्यांनी फोटो काढले. मंडळात सगळ्यात ज्येष्ठ डॉक्टरकाका. हृदयाचे डॉक्टर, फार पूर्वी आलेले, आता निवृत्त. त्यांच्याबरोबर शरयूकाकू. काठापदराच्या साडीवर फुगीर जॅकेट आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज.

"सुनंदा, तू एम.ए. झालेली, आणि इथे आयाचं काम करतेस?" काका म्हणाले.

"काका, अठराशे चाळीसमध्ये एम.ए.ला वाव नव्हता."

ते हसले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "चांगलं आहे सगळं. पण खरं सांगू? यांच्या काळ्या-गोऱ्यांच्या भानगडीत आपण कशाला? आपण आपलं काम करावं, आपली मुलं शिकवावीत. मध्ये पडू नये."

मला उत्तर द्यायचं होतं, पण सभेची घंटा झाली.

सभागृह भरलेलं. मंडळाचे लोक मधल्या बाकांवर. डेल आणि आणखी दोघं ठरल्या जागी. केटलिन उभी राहिली, स्कर्ट नीट केला, बोलू लागली. डेल ओरडला. लोक दचकले. नेहमीसारखंच सगळं.

मग मागच्या बाकावरून दुसरा आवाज आला. "बरोबर बोलला! बाई, खाली बस!"

हा आवाज आमचा नव्हता. मी पाहिलं. पस्तीस-चाळिशीचा माणूस, हिरवी टोपी, शेजारी त्याचे दोन मित्र. पाहुणे कधीकधी उत्साहाने सामील व्हायचे, त्यामुळे मला विशेष वाटलं नाही. तो आणखी काही बोलला आणि बरं बोलला, त्या काळाला धरून. "तुम्हाला पैसे कोण देतं? इंग्लंडची राणी?" लोक हसले. डेलनेही हसून मान हलवली. मंडळाच्या बाकावर डॉक्टरकाका फोन वर धरून व्हिडिओ काढत होते.

मग त्या माणसाने माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि ही? हिला कुठून उचलून आणलीत? परत पाठवा हिला."

ते वाक्य गंगेलाही लागू होतं आणि मलाही. त्याचे डोळे मात्र माझ्याकडे होते. दुकानात, रांगेत, कधीमधी असे डोळे दिसतात, आपल्याला ते ओळखू येतात. तरी मी गंगाच राहिले. म्हटलं, "जहाज मिळालं की जाईन, साहेब. तुमचं एखादं आहे का?"

सभागृह खळखळून हसलं. तो हसला नाही. त्याचे मित्रही हसायचे थांबले.

मी थांबायचा शब्द तेव्हाच म्हणायला हवा होता का? यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. पण एका टोमण्यासाठी सभा थांबवली असती, तर अशी सभा कधीच पूर्ण झाली नसती. म्हणून मी तो शब्द म्हटला नाही. अमोस उठला होता. त्याने केटलिनच्या शेजारी उभं राहून मेजावर दोन्ही हात ठेवले आणि बोलायला सुरुवात केली.

तो माणूस बाकावरून उठला आणि मधल्या वाटेने पुढे येऊ लागला.

डेलला ते दिसलं. तोही उठला आणि त्याला अडवायला म्हणून त्याच्या बरोबरीने चालू लागला. पण बघणाऱ्यांना वाटलं, दोघं एकाच बाजूचे. आमचे बाकीचे दोन हुल्लडबाज डेलच्या मदतीला उठले. त्या माणसाचे मित्रही उठले. बघता बघता मधल्या वाटेत खरोखरचा जमाव तयार झाला, त्यात निम्मे आमचेच. लोक डोळे विस्फारून बघत होते, काही हसत होते. किती छान बसवलंय, असं त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. आणखी फोन वर गेले.

व्यासपीठाच्या पायरीशी येऊन तो माणूस अमोसकडे बघून तो शब्द म्हणाला. आमच्यापैकी कुणी कधी उच्चारायचा नाही असं ठरलेला, तोच.

मी उभी राहिले. मोठ्याने म्हटलं, "डॉक्टरसाहेबांना बोलावणं आलंय!"

डेल थांबला. आमचे दोघं थांबले. केटलिनने माझ्याकडे पाहिलं. तो माणूस मात्र एक पायरी चढला. थांबायचा शब्द ज्यांना ठाऊक होता ते सगळे थांबले होते, आणि त्यामुळे आता त्याला अडवायलाही कुणी उरलं नव्हतं.

मी दुसऱ्यांदा ओरडले, या वेळी आजच्या इंग्रजीत. "मी सुनंदा, मी इथे काम करते. हा कार्यक्रम इथे संपला आहे. सर, खाली उतरा. कुणीतरी सिक्युरिटीला फोन करा!"

सभागृहात कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या मी कधी विसरणार नाही. लोकांना वाटलं, हाही नाटकातलाच भाग. आजच्या काळात येऊन बोलायची नवी युक्ती. इतकी वर्षं मी लोकांना पटवत आले होते की मी खरी आहे, आणि आता खरी होऊन ओरडत होते तर कुणाला पटत नव्हतं.

त्या माणसाने मेजाला धक्का दिला. वरचा जुना दिवा खाली पडून फुटला. अमोस हलला नाही, पण त्याचे मेजावरचे हात आता मुठी झाले होते. केटलिन त्या दोघांच्या मध्ये सापडली होती. तिला मागे सरकायला भिंत होती, पुढे तो माणूस. तिने स्कर्ट दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मी बाकांना वळसा घालून धावायला निघाले, तर घागरा बाकाच्या कडेला अडकला.

तेवढ्यात मधल्या वाटेने पांढरे स्पोर्ट्स शूज चालत गेले.

शरयूकाकू. घाई नाही, गडबड नाही. डेलला त्यांनी हाताने बाजूला केलं, आडवी आलेली पिशवी बाजूला करावी तसं. पायरी चढल्या, त्या माणसाचा दंड धरला आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "ए बाळा, काय चाललंय तुझं? पोरीच्या अंगावर काय जातोस? चल, खाली उतर."

मग दुसऱ्या हाताने त्यांनी केटलिनचा हात धरला आणि तिला आपल्या जॅकेटच्या मागे घेतलं.

आणि सभागृहाला कळलं. मी इंग्रजीत ओरडून जे कळलं नव्हतं ते फुगीर जॅकेटमधल्या या बाईला पाहून कळलं. ही काही नाटकात असणं शक्य नव्हतं. टाळ्या बंद झाल्या. फोन खाली आले. बाक सरकल्याचे आवाज झाले. एक जण उठला, मग दुसरा, मग एक बाई तिच्या आईसकट. सगळे नुसते उभे राहिले.

त्या माणसाने काकूंच्या हाताकडे पाहिलं. त्यांची बोटं त्याच्या बाहीवर होती, मनगटात हिरव्या बांगड्या. त्याचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "मी तर नाटक करत होतो. तुम्हाला हेच हवं होतं ना?" आणि वाट काढत, मित्रांना घेऊन, निघून गेला. सिक्युरिटी आली तेव्हा त्यांची गाडी गेटबाहेर पडली होती.

अमोस पायरीवर बसला. त्याने पाणी मागितलं, प्यायला. पॅट धावत आली होती. ती म्हणाली, "लोकांना बाहेर नेऊ." अमोस म्हणाला, "नाही. माझं भाषण राहिलंय." तो उठला, फुटक्या काचा बुटाने बाजूला सारल्या आणि भाषण पहिल्यापासून सुरू करून शेवटापर्यंत केलं. लोक उभेच होते. मला त्यातला शब्दही आठवत नाही.

तो माणूस खरंच दुष्ट होता की नाटकात वाहवत गेला, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याला स्वतःला तरी माहीत होतं का, कुणास ठाऊक.

पुढचे दोन महिने मीटिंगा झाल्या. वकील आले, इन्शुरन्सचा माणूस आला, बोर्डाचे लोक आले. हुल्लड बंद करायचं ठरलं. अमोस एकटा विरुद्ध बोलला. "मी त्या दिवशी घाबरलो होतो. बस चालवतानाही मी कैकदा घाबरलो. म्हणून रूट बंद नाही केला." बोर्डाने त्याचं फार आदराने ऐकून घेतलं आणि ठराव मंजूर केला. अमोसने टोपी घेतली. जाताना मला म्हणाला, "टाळ्यांचा खेळ तू सांभाळ, बॉम्बे. मला तो जमत नाही." तो शाळांमधून, चर्चच्या तळघरांतून बोलत राहिला. मी दोनदा ऐकायला गेले. नोकरी मात्र मी सोडली नाही. मला ते गाव आवडत होतं, ते काम आवडत होतं, आणि सोडून दुसरं काय करणार हेही होतंच. शनिवारी सभा भरायची, टाळ्या पडायच्या. अमोसच्या जागी आलेला तरुण चांगला बोलायचा. मी माझ्या बाकावर बसून लोकांचे चेहरे बघायचे.

शरयूकाकू त्या सहलीनंतर लगेचच पुण्याला गेल्या. थंडीत त्या इथे राहत नाहीत, आणि त्या वेळी बहिणीच्या आजारपणामुळे मुक्काम लांबला. भेट झाली ती थेट पुढच्या गणपतीत, मंडळाच्या हॉलच्या स्वयंपाकघरात. बायका मोदक वळत होत्या. डॉक्टरकाका दारात घुटमळत होते. मला बाजूला बोलावून म्हणाले, "सुनंदा, तो व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे. त्यात शेवटपर्यंत कुणीतरी हसतंय. मी नीट ऐकलं. तो मीच आहे." मी त्यांना चहा दिला. आणखी काय करणार?

मग मी काकूंशेजारी जाऊन बसले आणि वर्षभर मनात असलेलं विचारलं. "काकू, तुम्हाला कसं कळलं हो, की ते खरं आहे? मी ओरडून सांगत होते तरी कुणाला पटत नव्हतं."

"तू ओरडत होतीस?" काकू म्हणाल्या. "मला कुठे ऐकू आलं. तुमचा तो दंगा सुरू झाला तसं मी कानातलं मशीन काढून पर्समध्ये टाकलं होतं. डोकं उठलं होतं माझं."

"मग?"

"मग काय? मला आपली ती पोरगी दिसत होती. घाबरली होती ग. दोन्ही मुठींत घागरा आवळून धरला होता तिने."

"पण ते नाटक असतं तर? तुमचं हसं झालं असतं."

"झालं असतं," त्या म्हणाल्या आणि मोदकाची कळी मुडपून टाकली. "नाटक असतं तरी पोरगी घाबरलीच होती ना? हसले असते लोक. हसू देत." मग एकदम आठवल्यासारखं करून विचारलं, "कशी आहे ग ती आता?"

केटलिन त्या सीझननंतर परत आली नव्हती. आम्ही अमोसबद्दल बोललो होतो, त्या हिरव्या टोपीच्या माणसाबद्दल, इन्शुरन्सबद्दल, इतिहास कसा दाखवावा आणि कसा दाखवू नये याबद्दल तासन्‌तास बोललो होतो. त्या मुलीला फोन करून ‘बरी आहेस का’ एवढं विचारलं नव्हतं कुणी.

मी उकडीचे हात धुतले, नंबर शोधला आणि तिथेच ओट्याशी उभी राहून लावला. तिने दुसऱ्याच रिंगला उचलला. मागे कुत्र्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "केटलिन, मी सुनंदा. एक मिनिट होल्ड कर. तुझ्याशी कुणालातरी बोलायचंय."

काकूंनी हात पुसले, पर्समधून मशीन काढून कानात नीट बसवलं, आणि फोनसाठी हात पुढे केला.